दीर्घ पल्ल्याची धाव आणि पोटऱ्यांचे आरोग्य

(न्यासाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)





वार्षिक मेळाव्यात प्रशासकाने जमाखर्चाविषयी बोलावे, असा प्रघात आहे. जमाखर्चाची पत्रके या अहवालाच्या शेवटी जोडलेली आहेतच. म्हणून यंदा आम्ही एका निराळ्याच हिशेबाविषयी बोलणार आहोत. तो हिशेब आहे माणसाच्या पोटऱ्यांचा. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी नव्हे. तेव्हा जे सांगू ते आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून व भौतिकोपचार विभागातील सहकाऱ्यांकडून समजून घेतलेले आहे, हे आरंभीच नमूद करतो.

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या आपल्या पट्ट्यात धावणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढत गेलेली आपण सारेच पाहतो. पहाटे उपवन तलावाच्या काठी, येऊरच्या चढावर, डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलात, कल्याणच्या दुर्गाडी परिसरात माणसे धावताना दिसतात. ठाणे महानगरपालिकेची वर्षा मॅरेथॉन काही वर्षांच्या खंडानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा झाली. २००४ मध्ये सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन जानेवारी महिन्यात भरते आणि तिच्यासाठी आपल्या भागातून पहाटेची पहिली लोकल पकडून जाणारे अनेक जण असतात. यांत महाविद्यालयीन मुले आहेत, तसेच चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले बँकेतील कर्मचारी, शिक्षिका आणि गृहिणीही आहेत. ज्यांनी शाळा सुटल्यापासून कधी धाव घेतली नव्हती, त्यांनी पुन्हा धावू लागावे, ही आनंदाचीच गोष्ट होय.

तथापि या स्पर्धांच्या आधीच्या महिन्यांत आमच्या भौतिकोपचार विभागासमोरच्या बाकावर एकच तक्रार वारंवार ऐकू येते : ‘पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आहेत.’ कोणास धावताना गोळा येतो, कोणास रात्री झोपेत येतो, तर कोणास सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेमागची शीर ओढल्यासारखी वाटते.

असे का होते, हे समजण्यासाठी थोडे आकडे पाहू. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.१ किलोमीटर, म्हणजे कल्याण स्थानकापासून ठाणे स्थानकापर्यंतच्या रेल्वेमार्गाहून किंचित अधिक. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, म्हणजे साधारणपणे तेच अंतर जाऊन पुन्हा परत येण्याएवढी. अर्धमॅरेथॉन धावताना सामान्य माणसाची वीस हजारांहून अधिक पावले पडतात. प्रत्येक पोटरीच्या वाट्याला दहा हजारांच्या वर पावले येतात, आणि दर पावलागणिक टाचेमागच्या जाड शिरेवर, जिला डॉक्टर अकिलीज टेंडन म्हणतात, शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण पडतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने एवढा खर्च अचानक काढला, तर खात्यात शिल्लक कोठून असणार?

पोटरीत मुख्यत्वे दोन स्नायू असतात. वरचा, बाहेरून दिसणारा, गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्याखाली दडलेला चपटा स्नायू म्हणजे सोलियस. तो गुडघ्याखालीच सुरू होतो. दोघेही मिळून अकिलीज टेंडनद्वारे टाचेला जोडले जातात. ही माहिती पाठ्यपुस्तकी वाटेल, परंतु तिचा व्यवहारात उपयोग आहे. गुडघा ताठ ठेवून ताण दिला, तर तो प्रामुख्याने वरच्या स्नायूस मिळतो. गुडघा किंचित वाकवून दिला, तर खालच्या स्नायूपर्यंत पोहोचतो. संथ गतीच्या लांब धावेत सोलियस मोठा भार उचलतो, आणि नेमका तोच व्यायामातून वगळला जातो.

आपल्या पट्ट्यातील जीवनमानही यात भर घालते. डोंबिवलीहून मुंबईस जाणारा नोकरदार तासभर लोकलमध्ये एकाच अवस्थेत उभा राहतो, पूल चढतो-उतरतो, मग आठ तास खुर्चीत बसतो. स्त्रियांपैकी अनेकींची पादत्राणे उंच टाचेची असतात, त्यामुळे पोटरी दिवसभर आखडलेल्या स्थितीत राहते. अशा पोटरीस रविवारी पहाटे एकदम येऊरचा चढ दाखविला, तर ती कुरकुर करणारच. चढावर टाच खाली दबते, स्नायू ताणला जातो आणि त्याच अवस्थेत त्याला शरीर वर ढकलावे लागते.

मग उपाय काय? बहुतेकांचा समज असा, की धावण्यापूर्वी भिंतीला टेकून भरपूर ताण दिला की काम झाले. आमचे तज्ज्ञ सांगतात, की धावण्याआधी एका जागी उभे राहून दिलेल्या ताणाने दुसऱ्या दिवशीचे अंग दुखणे फारसे टळत नाही, असेच संशोधनात आढळले आहे. उलट फार वेळ ताण धरून लगेच धावल्यास स्नायूची शक्ती तात्पुरती थोडी घटते. धावण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे भरभर चालावे, घोटे फिरवावेत, मग संथ गतीने सुरुवात करावी. भिंतीचा ताण धावून आल्यावर किंवा सायंकाळी द्यावा. प्रत्येक पायास तीस-तीस सेकंद, दोन-तीन वेळा, एकदा गुडघा ताठ आणि एकदा वाकवून. झटके देऊ नयेत.

आखडलेली पोटरी पुष्कळदा दुर्बळ पोटरी असते, ही आम्हांस सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट. तिला ताणाइतकीच बळाचीही गरज असते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. घराच्या जिन्याची एक पायरी पुरते. आधाराला हात धरून टाचा वर उचलाव्यात व सावकाश खाली आणाव्यात. प्रथम दोन्ही पायांनी सपाट जमिनीवर, जमू लागल्यावर एका पायाने, मग पायरीच्या कडेवर. एका पायावर सलग वीस ते पंचवीस वेळा टाच नीट उचलता येणे, हे सर्वसाधारण निरोगी पोटरीचे माप मानले जाते. आम्ही आमच्या कार्यालयात हे करून पाहिले तेव्हा दहाच्या पुढे फार थोडे सहकारी गेले. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये अकिलीजच्या जुनाट दुखण्यावर हाच सावकाश टाच खाली आणण्याचा व्यायाम बारा आठवडे देऊन उत्तम परिणाम दाखविले. त्यातही गुडघा ताठ व गुडघा वाकलेला असे दोन्ही प्रकार होते. जुने दुखणे असलेल्यांनी मात्र हा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच आरंभावा.

दुसरे तत्त्व आम्हां हिशेबनिसांना सहज पटणारे आहे : एकाच वेळी दोन खर्च वाढवू नयेत. ज्या आठवड्यात अंतर वाढविले, त्या आठवड्यात चढ घेऊ नये आणि नवे बूटही घालू नयेत. बुटांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. टाचेकडे उंच असलेल्या बुटांतून एकदम सपाट बुटांत गेल्यास पोटरीवरील भार वाढतो. अनवाणी धावण्याचे आकर्षण काहींना असते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावा क्रमांक मिळविणारे बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सर दोराबजी टाटांनी पाहिलेले अनवाणी धावपटू यांचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. परंतु बालपणापासून मातीत अनवाणी वावरलेल्या पायांची गोष्ट वेगळी आणि घोडबंदर रस्त्याच्या काँक्रीटवर पंचेचाळिसाव्या वर्षी बूट काढणाऱ्यांची वेगळी.

गोळा येण्याविषयीही एक गैरसमज आहे. मीठ व पाणी कमी पडल्यानेच गोळा येतो, असे आपण मानत आलो. अलीकडच्या संशोधनाचा कल असा, की स्पर्धेत येणाऱ्या गोळ्याचे मोठे कारण स्नायूंचा थकवा हे आहे; सरावात कधी न धावलेल्या वेगाने धावणाऱ्यास तो अधिक येतो. गोळा आल्यास थांबावे, गुडघा सरळ करून पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत. लिंबू-सरबत घ्यावे, पण तहानेच्या प्रमाणात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील धावपटूंच्या रक्ततपासणीत, तपासलेल्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेले आढळले आणि त्याचा संबंध अति पाणी पिण्याशी होता. पाण्याचा अतिरेकही जिवावर बेतू शकतो.

आता आम्ही अशा भागाकडे वळतो, ज्यासाठी हा विषय निवडला. पोटरीचे प्रत्येक दुखणे धावण्याचे नसते, आणि ‘सराव केला म्हणून दुखते’ या एका वाक्याआड गंभीर आजार लपू शकतात. घरच्या माणसांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

एक : पावसाळ्यात ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणे. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात या रोगाने किती जणांना गाठले, हे आपण विसरलेलो नाही. उल्हास नदी आणि खाडीकाठच्या आपल्या वस्त्यांत दर पावसाळ्यात पाणी साचते आणि आपले धावपटू त्याच पाण्यातून जातात. पायास जखम असो वा नसो, साचलेल्या पाण्यातून जावे लागले असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आवश्यक तर प्रतिबंधक औषध देता येते. ताप आल्यास एक दिवसही दवडू नये.

दोन : एकाच पोटरीस सूज, ऊब व दुखणे, विशेषतः दीर्घ प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा पोटरीस मालीश मुळीच करू नये. त्यातच श्वास लागला वा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे.

तीन : मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीस ठराविक अंतर चालल्यावर पोटरी दुखणे आणि थांबताच ते शमणे. हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते, आणि अशा माणसाच्या हृदयाचीही तपासणी व्हावयास हवी.

चार : धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखा धक्का बसणे आणि नंतर चवड्यावर उभे राहता न येणे. ही अकिलीज तुटल्याची खूण होय. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गटातील प्रतिजैविकांनी ही शीर दुबळी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये याविषयी ठळक इशारा दिला. पोट बिघडले की औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याची आपली सवय धावपटूस महागात पडू शकते. वेदनाशामक गोळी खाऊन स्पर्धेत उतरण्याविषयीही हेच म्हणावे लागेल : दीर्घ धावेत तिचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

याखेरीज साधा दंडक असा : सौम्य दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत शमत असेल, तर सराव चालू ठेवावा. ते दर आठवड्यास वाढत असेल, हाडाच्या एकाच बिंदूवर दुखत असेल, किंवा पाय बधिर होत असेल, तर थांबून दाखवून घ्यावे. एक स्पर्धा हुकली तरी पुढल्या वर्षी ती येतेच.

शेवटी देणगीदारांपुढे एक विचार ठेवतो. आपल्या उदारतेमुळे या रुग्णालयात उत्तम यंत्रे आली आणि प्रत्येकावर दात्याच्या नावाची पट्टी सन्मानाने लागली. मात्र वर सांगितलेल्या उपायांत यंत्र कोठेच नाही. भिंत आहे, पायरी आहे आणि रुग्णाजवळ वीस मिनिटे उभे राहून ‘टाच अजून सावकाश खाली आणा’ असे सांगणारा जाणता माणूस आहे. त्या वीस मिनिटांतच एखादी सुजलेली पोटरी वेळीच ओळखली जाते आणि फिजिओथेरपीसाठी आलेला रुग्ण योग्य डॉक्टरांकडे पोहोचतो. भौतिकोपचार विभाग ताळेबंदात कधी मोठा नफा दाखविणार नाही. धावपटूंच्याच बाकावर अर्धांगवायूने खचलेले आजोबा आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी बसलेल्या असतात, आणि त्यांनाही तीच पायरी, तेवढीच वीस मिनिटे हवी असतात. म्हणून आमची नम्र विनंती अशी, की यंदाच्या दानात काही भाग या विभागातील तज्ज्ञांच्या वेतनासाठी राखून ठेवावा. माणसाच्या वेळेवर नावाची पट्टी लावता येत नाही, हे खरे. पण तिचा लाभ रुग्ण घरापर्यंत स्वतःच्या पायांनी घेऊन जातो.

येत्या स्पर्धेत धावणाऱ्यांस शुभेच्छा, आणि न धावणाऱ्यांस आज घरी गेल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून टाचा उचलण्याचे आग्रहाचे निमंत्रण.