मैदानावर कोणीतरी वाट पाहत असावे

(एका जुन्या व्यायामशाळेच्या वार्षिक समारंभात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



व्यायामाचे महत्त्व सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. ते आपण सर्वजण जाणतो. डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रे लिहितात, घरातील वडीलधारी मंडळी बजावतात. मला आज वेगळ्याच प्रश्नाचा विचार करावासा वाटतो. एवढे सर्व कळत असूनही माणूस मैदानाकडे का वळत नाही? आणि जो वळतो, तो कशामुळे वळतो?

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे एका आकडेवारीवरून लक्षात येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे बऱ्यापैकी श्रमाची हालचाल करावी, असा संघटनेचा निकष आहे. २००० साली हा निकष न गाठणारे भारतीय शेकडा सुमारे २२ होते. २०२२ साली ते जवळजवळ ५० झाले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शेकडा ५७, तर पुरुषांमध्ये ४२ आहे. बलोपासनेची थोर परंपरा सांगणाऱ्या समाजाने हे आकडे वाचून अंतर्मुख व्हावयास नको काय?

यावर आपले नेहमीचे उत्तर तयार असते. आजची पिढी आळशी झाली, मोबाईलने मुलांना बिघडवले. यात तथ्य नाही असे नाही. पण हे उत्तर अपुरे आहे. बावीस वर्षांत निम्मा देश एकाएकी आळशी होत नाही. या काळात शहरे वाढली, मोकळ्या जागा आक्रसल्या, कामाच्या वेळा लांबल्या, शाळेला पायी जाणारी मुले रिक्षात बसली. माणसाचा स्वभाव तोच राहिला. त्याच्याभोवतीची व्यवस्था पालटली.

दुसरे उत्तर असते आदर्शांचे. एखादे मोठे पदक मिळाले की मुले आपोआप मैदानावर येतील, अशी आपली समजूत आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचे घोषवाक्यच मुळी एका पिढीला प्रेरणा देण्याचे होते. स्पर्धा यशस्वी झाली, ब्रिटनने पदकांची लयलूट केली. परंतु सामान्य नागरिकांच्या क्रीडासहभागात अपेक्षिलेली मोठी आणि टिकाऊ वाढ झाली नाही, असे पुढील काळात तेथे दिसून आले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपली छाती अभिमानाने फुलली. पण ते सामने पाहून एखाद्या मुलीला दुसऱ्या दिवशी खो-खो खेळावासा वाटला असेल, तर तिने जायचे कोठे होते? पदक ठिणगी टाकते. ती धरून ठेवणारे सरपण आपल्या गल्लीतच असावे लागते.

मग माणूस खेळाकडे खरोखर कशाने ओढला जातो? खाशाबा जाधवांचे उदाहरण घेऊ. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मुलाने काही ऑलिम्पिकचे स्वप्न पाहून लांग कसली नव्हती. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, गावात कुस्तीचे वातावरण, मातीची जागा हाकेच्या अंतरावर. पोर चालू लागले की आखाड्यात उतरायचे, इतके ते सहज होते. पुढे हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले. घर, गाव आणि शिक्षक असे तिघे पाठीशी उभे राहिले, तेव्हा कोठे एक खाशाबा घडला.

मानसशास्त्रज्ञ आज हेच वेगळ्या भाषेत सांगतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन अभ्यासकांनी मानवी प्रेरणेचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या मते, कोणतेही काम माणूस मनापासून करीत राहतो ते तीन गोष्टींमुळे. ते आपण स्वेच्छेने करीत आहोत ही भावना, आपल्याला ते जमू लागले आहे हा अनुभव, आणि आपल्याला आपले म्हणणारी माणसे तेथे आहेत हा दिलासा. धाक, बक्षिसाचे आमिष किंवा आजाराची भीती यांनी माणूस सुरुवात करतो, पण फार काळ टिकत नाही. एक जानेवारीला केलेले संकल्प फेब्रुवारीत कोठे जातात, हे आपण सारे जाणतोच!

कोल्हापूरच्या तालमींकडे या दृष्टीने पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे भव्य मैदान उभारले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या मैदानामागे पेठापेठांतील तालमी होत्या. तालीम घरापासून दोन पावलांवर असे. पहाटेची वेळ ठरलेली. वस्ताद प्रत्येक पोराला नावानिशी ओळखत. एखादा दोन दिवस दिसला नाही की जोडीदार त्याच्या दारात हजर! ‘का रे, आला नाहीस?’ हा प्रश्न कोणत्याही व्याख्यानापेक्षा, माझ्या आजच्या व्याख्यानापेक्षाही, अधिक प्रभावी आहे. शहरातील चकचकीत जिममध्ये वर्षाचे पैसे आगाऊ भरूनही माणसे जाईनाशी होतात, कारण पुष्कळदा तेथे त्यांची वाट पाहणारे कोणी नसते.

शिकवणाऱ्याचे महत्त्वही असेच आहे. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, हा इतिहास रोमांचकारी आहेच. पण मंडळाचे त्याहून मोठे कार्य म्हणजे त्याने व्यायामशिक्षक घडवले. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डोळ्यांना न दिसणारे मूल मल्लखांबावर चढू शकते, मग ‘आमच्या मुलाला खेळ जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याला प्रेमाने शिकवणारा कोणी भेटला का, हे आपण विचारायला हवे.

आता भगिनींविषयी. मघाच्या आकडेवारीत स्त्रियांचे प्रमाण अधिक का? घरात दिवसभर राबणाऱ्या बाईला आपण आळशी म्हणणार काय? तिला कमी पडते ती स्वतःची अशी वेळ. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे खेळणे बंद होते. कारणे लहान वाटतात. मैदानावर स्वच्छतागृह नाही, परतीच्या वाटेवर दिवे नाहीत, शिकवायला बाई नाहीत, शेजारी काय म्हणतील? माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर खो-खो खेळत मोठी झाली आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. या मुलींना अंगण मिळाले, म्हणून त्या आपल्याला दिसल्या. अंगणच न मिळालेल्या किती असतील, त्याची गणती कोण ठेवतो?

शाळांकडूनही अपेक्षा आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. पण क्रीडांगण असूनही परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, आणि पालक म्हणून आपण त्याला मूक संमती देतो. गणिताचा तास खेळासाठी दिला गेला, असे कधी ऐकले आहे का?

व्यायामशाळांच्या चालकांपुढील अडचणही मी जाणतो. विजेचे देयक, डागडुजी, शिक्षकाचे मानधन यांना पैसा लागतो, आणि लग्नकार्यांसाठी मैदान भाड्याने दिले की तो चटकन मिळतो. मात्र खेळाची सवय सातत्याने लागते. मांडवामुळे आठ दिवस मैदान बंद राहिले, तर नवव्या दिवशी परत न येणारी मुले कायमची गेलेली असतात. म्हणून भाडे घ्यावेच लागले, तर संध्याकाळचे दोन तास आणि मैदानाचा एक कोपरा मुलांसाठी राखून ठेवा. उरलेली तूट भरून काढणे ही आम्हा नागरिकांची जबाबदारी आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण वर्गणी देतो. मैदानही तितकेच पवित्र मानायला काय हरकत आहे?

आज येथून जाताना प्रत्येकाने एवढेच करावे. मुलाला ‘खेळायला जा’ असे न म्हणता ‘चल, आपण जाऊ’ म्हणावे. शेजारच्या एका घरातील एका माणसाला, शक्यतो एका भगिनीला, सोबत आणावे. आठवड्यातील तीन दिवस आणि एक वेळ ठरवून ती पाळावी. आणि सोबतचा माणूस आला नाही, तर त्याचे दार वाजवावे.

बलोपासनेची परंपरा भाषणांतून टिकली नाही. कोणीतरी पहाटे उठून आखाड्याची माती उकरली आणि इतरांची वाट पाहिली, म्हणून ती टिकली. उद्या सकाळी या मैदानावर असे वाट पाहणारे आपल्यापैकी कोण असणार आहे, एवढे ठरवूनच आपण घरी जाऊ या.