हंगामापूर्वीचे एकोणीस दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस शिक्षणविषयक चार शब्द सांगण्याची आज्ञा केली होती. परंतु सदतीस वर्षे शाळेत तेच बोलत आल्यामुळे आज त्या विषयास थोडी विश्रांती द्यावी असे वाटते. आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका तेवढी पदरात पडली. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून व्हावयाचे नाही. त्याऐवजी एक जुनी हकीकत सांगतो. ती आजच का सांगावीशी वाटली, हे ओघात कळेलच.

१९७६ सालची गोष्ट. आम्ही अठरा वर्षांचे होतो. मॅट्रिक होऊन दोन वर्षे झाली होती आणि घरची कोरडवाहू शेती मेहकर तालुक्यात. अकोल्याच्या एका जिनांत हंगामी कारकुनाची जागा मिळाल्याचे पत्र आले. कोजागिरीनंतर हजर व्हावे, असे त्यात लिहिले होते. वडिलांनी एक गोऱ्हा विकून नव्वद रुपये हातावर ठेवले. आईने वळकटी बांधली, पत्र्याच्या ट्रंकेत दोन धोतरे, दोन सदरे आणि ज्वारीच्या भाकरी भरल्या. खामगाव, बाळापूर मागे टाकीत एस. टी. अकोल्यास पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. इतके दिवे एका ठिकाणी आम्ही त्यापूर्वी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जिनावर गेलो. फाटकास कुलूप. पहारेकऱ्याने सांगितले की, आणखी आठ दिवस तरी रेचे फिरणार नाहीत. त्यात कोणाचा दोष नव्हता. आपण सारे कापसाच्या मुलुखातले. सीतादही झाल्याशिवाय वेचणी नाही, बोंडास चांगले ऊन लागल्याशिवाय कापूस घरात येत नाही, आणि दमट माल जिनांत घेतला तर रुईची प्रत जाते, हे आपणांस ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या मुलाने हे आधीच ओळखावयास हवे होते. पण पत्रावरील तारखेवर आमचा शेताहूनही अधिक विश्वास बसला होता!

आठाचे पुढे एकोणीस दिवस झाले.

आता राहावयाचे कोठे? आपल्या समाजाचे वसतिगृह शहरात आहे हे वडिलांनी सांगून ठेवले होते. तेथे गेलो. व्यवस्थापक सज्जन होते, परंतु नियम त्यांच्या हातचा नव्हता. वसतिगृह विद्यार्थ्यांकरिता, आणि आम्ही विद्यार्थी नव्हतो. नोकरदारांच्या खोल्यांसाठी पगाराचा दाखला लागे, आणि आमचा पगार अद्याप सुरू व्हावयाचा होता. दोन्ही याद्यांत आमचे नाव बसेना. त्यांनी तीन रात्री ओसरीवर पथारी टाकू दिली, चौथ्या दिवशी दुसरी सोय पाहण्यास सांगितले. आम्ही त्यांना कधीही बोल लावला नाही. मात्र त्या ओसरीवरील तीन रात्री आम्हांस झोप आली नाही, हेही खरे.

चौथ्या दिवशी मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात घरोघर विचारीत फिरलो. एकट्या पोराला खोली देण्यास कोणी तयार होईना. दोन घरी नावगाव विचारले, एका घरी जात विचारली, आणि मग 'आमच्याकडे जागा नाही' असे सांगितले. अखेर राजराजेश्वराच्या देवळापासून थोड्या अंतरावर एक म्हातारी दारात ज्वारी निवडीत बसली होती. तिने वर न पाहताच विचारले, "कोन्या गावचा होय रे बापू?" आम्ही गाव सांगितले. तिने पुढे काहीच विचारले नाही. मागची पडवी पंधरा रुपयांनी दिली. पाणी कोणत्या वेळी येते, कंदील कोठे टांगावा, दार कसे उचलून लावावे, हे एका दमात सांगून पुन्हा सुपाकडे वळली. ही आजी आपल्या ज्ञातीची नव्हती. ज्ञातीच्या संमेलनात हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

भाडे आगाऊ दिले. बादली, चटई आणि घासलेट यांत बारा रुपये गेले. खानावळीत दोन वेळचे महिन्याचे पन्नास पडत. आम्ही एकाच वेळचे पंचवीस भरले. उरलेल्या अडतीस रुपयांची पुरचुंडी ट्रंकेच्या तळाशी ठेवली. ती आम्ही रोज मोजीत असू. मोजल्याने पैसे वाढत नाहीत हे गणित शाळेत कोणी शिकविले नव्हते.

त्या दिवसांत काही गोष्टी केल्या, त्या आजही तरुण मुलांना सांगाव्याशा वाटतात. पडवीपासून जिनापर्यंतची वाट पहाटे चालून पाहिली. टिळक रस्त्याने गेल्यास चाळीस मिनिटे लागत. पहिल्या दिवशी वाट चुकून उशीर होणे हे नव्या माणसास परवडत नाही. फाटकासमोरच्या चहावाल्याशी ओळख केली. जिन केव्हा सुरू होणार याची बातमी कचेरीपेक्षा त्याला आधी असे. वाचनालयात जाऊन फुकट वर्तमानपत्रे वाचली. पण हे सारे करूनही दिवस संपत नसे. खरा त्रास भुकेचा नव्हता, बोलण्याचा होता. सकाळपासून रात्रीपर्यंत आपले नाव घेऊन कोणी हाक मारीत नाही, हा अनुभव खेड्यातल्या मुलास नवा असतो. संध्याकाळी आम्ही स्टेशनावर जाऊन बसत असू. एकीकडे नागपूर-मुंबईच्या मोठ्या गाड्या, दुसरीकडे खांडवा आणि पूर्णा या मार्गाची ती जुनी मीटर गेज. (ती लहान गाडी आता इतिहासजमा झाली आहे.) आपल्या भाषेत कोणी कोणाला निरोप देत असले म्हणजे तेवढेच कानास बरे वाटे.

याच सुमारास आमच्या हातून एक खोटे घडले. घरी कार्ड टाकले, त्यात 'कामावर रुजू झालो, प्रकृती उत्तम' असे लिहिले. गोऱ्हा विकलेल्या माणसास फाटकाचे कुलूप कळवावे कसे?

दिवाळी आली. परत जाण्याचे भाडे परवडणारे नव्हते, आणि आपण गावी गेलो नि इकडे जिन उघडले तर जागा दुसऱ्यास जाईल, ही भीती. आजीने लक्ष्मीपूजनाच्या रात्री चार अनारसे आणि एक पणती पडवीत आणून ठेवली. भाऊबीजेच्या दुपारी आम्ही पडवीत पडलो असताना दाराशी वडिलांची हाक ऐकू आली. हातात फराळाचा डबा, पायांवर धूळ. मुलाला कारकुनाच्या खुर्चीवर बसलेला पाहावे म्हणून ते आधी थेट जिनावर गेले होते! पहारेकऱ्याने त्यांना सांगावयाचे ते सांगितले होते. वडिलांनी कार्डाचा विषय काढला नाही. पडवी पाहिली, बादली पाहिली, आजीस नमस्कार केला, आणि "येथे ऊन चांगले येते" एवढेच म्हणाले. सायंकाळच्या गाडीने परत गेले. रात्री डबा उघडला तेव्हा चिवड्याखाली कागदात गुंडाळलेले वीस रुपये होते. ते कोणत्या वस्तूच्या विक्रीचे, हे आम्हांस पुढेही कळले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

त्यानंतर चारपाच दिवसांत जिन सुरू झाले. पहिल्या गाडीच्या बैलांना कुंकू लावले, नारळ फुटला, गाडीवानास शेला दिला. त्या काळी १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार खरेदी चालू होती; गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाई. आम्ही काट्याजवळ बसून पावत्या लिहीत असू. एका क्विंटल कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई आणि बाकी सरकी, एकशे सत्तर किलोची गाठ, हा हिशेब बोटांवर बसला. उन्हाळा लागताच हंगाम सरला आणि एका दुपारी आम्हांस मोकळे करण्यात आले. त्या कमाईतून पदविकेचे पहिले शुल्क भरले. हकीकत येथे संपते.

आता कारण सांगतो. आपल्या जुन्या वसतिगृहाच्या जागी मंगल कार्यालय बांधावयाचे घाटत आहे. आमचा त्यास विरोध नाही. मंडळास उत्पन्न हवे. पण आजही मुले येतात. जिनांत येतात, औद्योगिक वसाहतीतील डाळ गिरण्यांत येतात, दिवाळीच्या तोंडावर दुकानांत आणि मालाच्या गोदामांत दोन-तीन महिन्यांसाठी येतात. आता मुलीही येतात. त्यांच्या हाती भ्रमणध्वनी असतो, नेमणुकीचा निरोप त्यावरच येतो. परंतु पहिला पगार होईपर्यंतचे दिवस आमच्या वेळेइतकेच लांब असतात. ती ना विद्यार्थी, ना कायम नोकर. आपल्या आजच्या नियमावलीतही त्यांच्यासाठी रकाना नाही. आम्ही ती परवा पुन्हा वाचून पाहिली.

तेव्हा नव्या इमारतीच्या आराखड्यात मागील बाजूस दोन खोल्या, एक मुलांसाठी व एक मुलींसाठी, राखाव्यात. पगाराचा दाखला मागू नये. एक महिन्याची मुदत असावी. आणि अर्जावर जातीचा रकाना नसावा, अशी आमची सूचना आहे. शेवटच्या मुद्द्यावर काही मंडळींचे मत वेगळे आहे हे आम्ही जाणतो. चर्चा व्हावी. आमचे मत पडवीत बनले आहे, ते आता बदलणे कठीण.

दोन खोल्यांच्या खाटा आणि पहिल्या वर्षाचे वीजबिल यांपुरती रक्कम आम्ही आज सकाळी खजिनदारांकडे जमा केली आहे. पावती मिळाली.