करवती काठ आणि रोजचा पेहराव



सकाळी नंदनवनातून कचेरीकडे, महाविद्यालयाकडे निघणारी मंडळी पाहिली की ध्यानात येते, पेहराव हा माणसाने न बोलता दिलेला परिचय असतो. नीटनेटके, मनाजोगे वस्त्र अंगावर असले की चालण्यातही आत्मविश्वास येतो. त्याला नटवेपणा म्हणून हिणवणे योग्य नव्हे.

परंतु हा परिचय खरोखर आपला, की जाहिरातींनी शिकविलेला? आपल्या विदर्भाची करवती काठाची साडी पाहा. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारे मधासारख्या रंगाचे टसर, करवतीच्या दात्यांसारखी काठाची नक्षी आणि तीन धोट्यांनी काठ व अंग एकमेकांत गुंफणारे विणकाम! तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

तरीही बहुतेक घरांत ती लग्नकार्यापुरतीच कपाटाबाहेर निघते. माग मानांकनावर चालत नाही. नेसणारे असले तरच चालतो. टसर परवडत नसेल, तर हातमागाचे सुती कापड आहे. मुलींनी त्याचा कुर्ता शिवावा, मुलांनी सदरा. तऱ्हा ज्याची त्याने ठरवावी. कपाटातील वारसा अंगावर आला, तर आपले मन प्रसन्न राहील आणि विणकराची चूलही पेटती राहील.