जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे



परदेशात नोकरी लावून देतो, अशी थाप मारून तरुणांना विकणारा दलाल पकडला जातो, तेव्हा गावाला वाटते की न्याय झाला. पुढे तो जामिनावर सुटला की तेच गाव म्हणते, न्याय बुडाला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुसरी तर घातक आहे; कारण निराश झालेले कुटुंब साक्ष द्यायला येत नाही, आणि दलालाला तेच हवे असते.

हा व्यापार कसा चालतो? थायलंडमध्ये संगणकावरील काम आहे असे सांगून तरुणाला म्यानमारमधील म्यावड्डी भागात नेतात. तेथे त्याचे पारपत्र काढून घेऊन, धाकदपटशाने, त्याच्याकडून इतरांना ऑनलाइन लुबाडण्याचे काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी असे ५४९ भारतीय मायदेशी आणले.

आपल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला बंदी घातली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार फसवणूक व प्रलोभन हीही या गुन्ह्याची साधने ठरतात. "मुलगा स्वखुशीने गेला," असे दलाल म्हणतो. परंतु पीडिताची संमती येथे विचारात घेतली जात नाही. एकाहून अधिक माणसांचा व्यापार केल्यास शिक्षा किमान १० वर्षे, कमाल जन्मठेप आहे.

मग न्यायालय जामीन का देते? त्याच संविधानाचा २१ वा अनुच्छेद आरोपीच्याही स्वातंत्र्याचे रक्षण करतो, आणि तसेच असले पाहिजे. अशा मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो. एरवी न्यायालय गुन्ह्याचे गांभीर्य पाहते आणि विचारते : आरोपी पळेल काय? साक्षीदारांना धमकावील काय? या प्रश्नांची उत्तरे पीडित कुटुंबाइतकी कोणाजवळ असणार?

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय ध्यानात ठेवा. एप्रिल २०२२ मध्ये त्याने ठरविले की जामिनाच्या सुनावणीत पीडितालाही आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. एप्रिल २०२५ मध्ये, उत्तर प्रदेशातील बालकांच्या व्यापाराच्या प्रकरणांत, उच्च न्यायालयाने दिलेले जामीन त्याने रद्द केले. आरोपींना निदान दर आठवड्याला पोलिसांपुढे हजर राहण्याची अट तरी घालायला हवी होती, असे बजावून खटले सहा महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले.

तेव्हा फसलो याची लाज बाळगू नका. लाज फसविणाऱ्याने बाळगावी. परत आलेल्या तरुणाचा जबाब विलंब न लावता नोंदवा. पैसे भरल्याच्या पावत्या, मोबाइलवरील संदेश, विमानाचे तिकीट जपून ठेवा. सुनावणीची तारीख सरकारी वकिलाला विचारा व तेथे हजर राहा. आरोपीचे पारपत्र जमा करून घ्यावे, अशी मागणी करा. सुटल्यावर त्याने धमकी दिली, तर ती लेखी कळवा. त्या आधारे जामीन रद्द करून घेता येतो.

जामिनाने आरोपी तुरुंगाबाहेर येतो, खटल्याबाहेर नव्हे. खटल्याबाहेर तो पडतो आपल्या मौनामुळे. ते मौन आपण पाळता कामा नये.