लाल गाडी आणि डोंगरवाटा

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला. अशा प्रसंगी वक्त्याने अभ्यासावर आणि स्पर्धा परीक्षांवर बोलावे अशी अपेक्षा असते. ते इतर वक्त्यांनी उत्तम सांगितले आहे. मी आज शहापूर-मुरबाडच्या डोंगरांविषयी आणि तेथे जाणाऱ्या एस.टी.विषयी बोलणार आहे. विषय थोडा वेगळा वाटेल. पण तो आपल्याच घरचा आहे.

पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळी कल्याणच्या एस.टी. स्थानकावर किंवा आसनगाव स्टेशनवर जाऊन पाहा. पाठीवर सॅक घेतलेली मुंबई-ठाण्याची मुले घोळक्याने दिसतात. कोणी माहुलीला, कोणी गोरखगडाला, कोणी नाणेघाटाला निघालेले असतात. त्यांत शहापूर-मुरबाडची आपली मुले मात्र फारशी नसतात. मी तरुणपणी पहिल्यांदा गडावर निघालो तेव्हा माझी आई म्हणाली, "डोंगर काय बघायचा? जन्मभर त्याच्याच मोळ्या वाहिल्या की!" आईचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या माणसांनी डोंगर पाहिला तो डोक्यावर ओझे असताना. मान वर करून पाहायला सवड कुणाला होती? ती सवड आज तुम्हाला मिळाली आहे, म्हणून हे बोलणे.

पहिल्यांदा नाणेघाट घेऊ. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे असे करत माळशेज घाटाने जुन्नर-नगरकडे जाणारी गाडी धरावी. वैशाखरे मागे पडले की नाणेघाटाचा फाटा येतो. कंडक्टरला आधी सांगून ठेवावे, म्हणजे तो तेथे उतरवतो. समोर 'नानाचा अंगठा' नावाचा सुळका दिसतो, त्याच्या रोखाने जंगलातून वर चढायचे. दोन-अडीच तासांत आपण एका कोरलेल्या गुहेत पोहोचतो. ही वाट सातवाहनांच्या काळापासून वापरात आहे. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नरची बाजारपेठ, आणि दोहोंना जोडणारा हा घाट. वर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात.

गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. राणीने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची त्यात नोंद आहे: इतक्या गायी, इतके कार्षापण. गणिताच्या विद्यार्थ्यांनी तो मुद्दाम पाहावा, कारण भारतातल्या अंकचिन्हांचा हा एक फार जुना पुरावा आहे. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही तेथे होत्या. आज त्यांच्या पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत.

पण मला या घाटातली राणीपेक्षा साधी माणसे जास्त जवळची वाटतात. घाटात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यांतल्या एका टाक्याच्या लेखात, ते सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान असल्याचे म्हटले आहे. टाक्याला त्या भाषेत 'पोढी' म्हणत आणि धर्मदानाला 'देयधम'. हाच घाट चढून पुढे जुन्नरला गेलात, तर लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर असाच एक लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने ते चैत्यगृह दान दिले. कल्याणचा हा माणूस जुन्नरला कोणत्या वाटेने गेला असेल? लेख ते सांगत नाही. पण जवळची वाट हीच होती. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतली बहुतेक बौद्ध आहेत. ती एकट्या राजाच्या खजिन्यातून उभी राहिली नाहीत. व्यापारी, कारागीर, गृहस्थ यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कोणी गुहा दिली, कोणी टाके दिले. वाटसरूला पाणी पाजणे हे त्यांनी धर्मकृत्य मानले. वाटसरू कोण, कुठला, हे टाके विचारत नव्हते.

मित्रहो, त्यानंतर काय काळ आला ते आपल्याला ठाऊक आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ते दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय त्यांच्या मंडळींनी तेथल्या टाक्यावर धुतले. एवढ्यावरून टाके बाटले म्हणून ओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर त्यांना आत सोडले, आणि लक्ष ठेवायला बरोबर हत्यारी शिपाई दिला. बॅरिस्टर, प्राध्यापक, गोलमेज परिषदेचे प्रतिनिधी असलेल्या बाबासाहेबांची ही कथा! आज तुम्ही नाणेघाटाच्या टाक्यातून बाटली भरता तेव्हा तुमच्यामागे शिपाई उभा नसतो. ही गोष्ट लहान समजू नका. ते पाणी गाळून, उकळून प्या. पण ताठ मानेने प्या.

आता इतर वाटा थोडक्यात सांगतो. शहापूर तालुक्यात माहुली. आसनगाव स्टेशनवर उतरून माहुली गाव पाच-सहा किलोमीटर. रिक्षा मिळते, नाहीतर पायी जावे. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीची शेवटची झुंज याच गडावरून दिली. दुसरी वाट डेहण्याची. शहापूरहून डोळखांबमार्गे डेहण्याला गेले की समोर आजोबाचा प्रचंड कडा उभा राहतो. वर जंगलात वाल्मीकींचा आश्रम म्हणून मानलेले ठिकाण आहे. तेथपर्यंतची वाट नवख्यालाही झेपेल अशी आहे.

मुरबाडहून म्हसामार्गे देहरीला गेले की गोरखगड. खडकात खोदलेल्या पायऱ्या, वर खांब असलेली प्रशस्त गुहा आणि पाण्याची टाकी. शेवटची चढण उभी आहे. पावसात ती टाळावी. त्याच बाजूला सिद्धगड. तेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्या लागून वीरमरण आले. भाई कोतवाल माथेरानच्या नाभिक कुटुंबातले. वकील झाले, पण त्यांनी सावकारीने नाडलेल्या शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठी काढली, शाळा चालवल्या, आणि बेचाळीसच्या लढ्यात मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. दर २ जानेवारीला लोक तेथे अभिवादनाला जमतात. आपल्या विद्यार्थ्यांनीही एकदा जावे.

आता एस.टी.विषयी. एकदा आम्ही पाच-सहा जण नाणेघाटातून उशिरा उतरलो. चूक माझीच. वर रमलो आणि शेवटच्या गाडीची वेळ कुणी विचारून घेतली नव्हती. फाट्यावर अंधारात दोन तास उभे होतो. शेवटी नगरकडून आलेली एक भरलेली गाडी ड्रायव्हरने थांबवली. उभ्यानेच, पण घरी आलो. तेव्हापासून माझा नियम असा की, चढायला लागण्याआधी शेवटच्या गाडीची वेळ विचारायची. चौकशी खिडकीवर विचारायची आणि गावातल्या माणसालाही विचारायची, कारण गाडी प्रत्यक्षात केव्हा येते हे गावालाच ठाऊक असते.

ही लाल गाडी केवळ गड पाहणाऱ्यांसाठी नाही. डोळखांबच्या, म्हशाच्या रस्त्यावर त्याच गाडीत शाळेची मुलगी असते, भाजीची पाटी घेतलेली मावशी असते, दवाखान्यात निघालेले आजोबा असतात. शाळकरी मुलींना मोफत पास आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पण फेरीचे भारमान घटले की ती बंद करण्याचा विचार सुरू होतो. मुक्कामी गाडी बंद झाली की पहाटेचे कॉलेज बुडते, आणि सर्वांत आधी मुलीचे शिक्षण थांबते. म्हणून तुम्ही डोंगरावर जाल तेव्हा भाड्याची जीप करू नका. एस.टी.ने जा, तिकीट काढा. तुमच्या तिकिटाने ती फेरी टिकायला मदत होते. गोविंददासाने टाके दिले. आपली ऐपत तिकिटाची असेल तर आपण तेवढे देऊ.

शेवटी काही सूचना. पहिल्या खेपेला वाटाड्या घ्या. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्यातला एखादा जाणता माणूस मिळतो. त्याला त्याच्या दिवसाची योग्य मजुरी द्या. टाक्यात साबण लावू नका. लेखांवर खडू फिरवू नका, आपले नाव कोरू नका. दोन हजार वर्षे टिकलेले अक्षर आपल्या हातून जाऊ नये. घरी परतल्यावर एक पान तरी लिहून काढा: काय पाहिले, कोण भेटले, गाडी किती वाजता होती. पुढच्या मुलाला ते उपयोगी पडेल.

आणि जमले तर एकदा आईलाही घेऊन जा. माझी आई पुढे माझ्याबरोबर नाणेघाटात आली. टाक्याच्या काठावर बसून ती ओंजळीने पाणी प्यायली आणि खाली पसरलेल्या कोकणाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "इथून आपलं गाव केवढंसं दिसतं रे!" त्या दिवशी तिच्या डोक्यावर मोळी नव्हती.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. जयभीम!