पोवळं नव्हे, दगड झालेलं झाड

तेंदूपान, मोह वेचताना सिरोंच्याच्या रानात कधी लाकडासारखा दगड पायाशी येतो. मग कुणी व्यापारी म्हणतो, ‘हे जुनं पोवळं, आणून द्या, पैसे देतो.’ पोवळं समुद्रातल्या जिवाचं. त्याचा दगड झाला तर अंगावर बारीक चांदण्या, नाहीतर मोहोळासारखी घरं दिसतात. आपल्याकडचे थर मात्र नदी-तळ्याच्या गाळाचे. त्यात सापडतं ते डायनासोरच्या काळातलं झाड. गाळात दबलं, पाण्यातली सिलिका कणाकणानं आत शिरली. रेषा, गाठी तशाच. पण हाताला जड, गार, सुरीनं ओरखडा उठत नाही. घासलं की चमकतं, म्हणून तर त्याला गिऱ्हाईक!

पण 1927च्या वनकायद्यात जंगलातला दगडही वनोपजच. 2006च्या वनहक्कात आपल्याला मिळालं ते झाडाझुडपांचं गौण वनोपज, दगड नाही. टोपलीत सापडला तर केस बाईवर, व्यापारी नामानिराळा. तेव्हा हलवू नका. जागा ध्यानात ठेवा, फोटो काढा, वनरक्षकाला दाखवा.

वडधमला जीवाश्म उद्यान आहेच. तिथं येणाऱ्यांच्या चहा-जेवणाचं काम बचत गटांनी मागावं, असं आम्हाला वाटतं.