अनुदानाकडून सहकार्याकडे

परकीय मदत केव्हा ना केव्हा थांबावयाचीच. ती कोणत्या रीतीने थांबते, याला महत्त्व असते. २००३ साली भारतानेच अनेक लहान देणगीदार देशांची सरकारी मदत यापुढे न घेण्याचे ठरविले. ९ नोव्हेंबर २०१२ रोजी ब्रिटनने भारताला नवे आर्थिक अनुदान न देण्याचा निर्णय जाहीर केला. चालू योजना मात्र २०१५ पर्यंत पूर्ण करावयाच्या होत्या. पुढे अनुदानाची जागा तांत्रिक साहाय्याने व गरिबांना उपयुक्त अशा खाजगी उद्योगांतील गुंतवणुकीने घ्यावी, असे ठरले. अनुदान संपले तरी शाळेत शिक्षक आणि दवाखान्यात औषध राहिले पाहिजे. यास्तव पुढील खर्च कोणी सोसावयाचा, हे मदत स्वीकारतानाच ठरविणे अगत्याचे होय.